तीन दिवसांचें सामान



महापुराची, आगीची किंवा शत्रूच्या स्वारीची वार्ता येतांच गांव सोडून निघालेलीं माणसें इतिहासाला नवीं नाहींत. परंतु सुमारें पन्नास हजार वस्तीचें शहर एका दुपारीं तीन तासांच्या आंतबाहेर रिकामें व्हावें, आणि तेंहि चेंगराचेंगरी न होतां, असा प्रसंग विरळा. असा एक प्रसंग त्या वेळच्या सोव्हिएत युक्रेनमधील प्रिप्याट या शहरीं घडला.

चेर्नोबिलच्या वीजकेंद्रांत काम करणाऱ्यांसाठीं हें शहर १९७० सालीं वसविण्यांत आलें. ता. २६ एप्रिल १९८६ रोजीं रात्रीं १ वाजून २३ मिनिटांनीं केंद्रांतील चवथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. शहर तेथून अवघें तीन किलोमीटर! तरी शनिवारची ती सकाळ नित्याप्रमाणेंच उजाडली. मुलें शाळेला गेलीं, लग्नेंहि लागलीं. संध्याकाळीं बोरिस श्चेर्बिना यांच्या प्रमुखत्वाखालीं सरकारी मंडळ दाखल झालें. रात्रीं किरणोत्सर्गाचें मान वाढत चाललें, तेव्हां शहर हलविण्याची तयारी सुरू झाली.

ही तयारी खरोखर पाहण्यासारखी होती. कीव्ह व आसपासच्या भागांतून सुमारें बाराशें बसगाड्या रातोरात आणून शहराबाहेर रस्त्यावर उभ्या करण्यांत आल्या. हिशेब साधा होता. एका गाडींत चाळीस माणसें धरलीं, तर सारें शहर एकाच खेपेंत निघतें. गाड्यांना परत फिरावें लागत नाहीं आणि जाणारा व येणारा प्रवाह एकमेकांना अडवीत नाहींत. दुसरी गोष्ट अशी कीं, लोकांना एखाद्या चौकांत न जमवितां गाड्याच प्रत्येक इमारतीच्या दारापर्यंत न्यावयाच्या, असें ठरलें. त्यामुळें गर्दी एके ठिकाणीं झालीच नाहीं, आणि उघड्यावर तिष्ठण्याचा वेळहि वांचला.

ता. २७ रोजीं दुपारीं एकच्या सुमारास घरोघरच्या रेडिओवरून सूचना झाली: कागदपत्रें, अत्यावश्यक वस्तु आणि थोडें खाद्य बरोबर घ्या, विजेचीं उपकरणें व नळ बंद करा. हें जाणें तात्पुरतें आहे, असेंहि सांगण्यांत आलें. तीन दिवसांत परतूं, अशी लोकांची समजूत करून देण्यांत आली. दोन वाजतां गाड्या दारांशीं लागल्या आणि पांचच्या सुमारास शहर ओस पडलें.

सामान हलकें, म्हणून गाड्या लवकर भरल्या. पण तें हलकें होतें, कारण लोकांना खरें सांगितलें नव्हतें. माणसांनीं कुत्रींमांजरें मागें ठेवलीं, छायाचित्रें भिंतीवर राहूं दिलीं. तेथें पुन्हां राहावयास कोणी आलें नाहीं. आणि जे छत्तीस तास गाड्यांविना नव्हे, शब्दाविना गेले, त्यांचें काय? किरणोत्सर्गी आयोडीनची निम्मी शक्ति आठ दिवसांत ओसरते. म्हणून त्याचा धोका पहिल्या दिवसांतच सर्वांत मोठा, आणि तो मुलांना अधिक. त्याच वेळीं तीं मुलें अंगणांत खेळत होतीं.

याच्या शेजारीं दुसरी एक हकीकत ठेवून पाहावी. ता. १० नोव्हेंबर १९७९ रोजीं मध्यरात्रीच्या सुमारास कॅनडांतील मिसिसॉगा येथें रसायनें नेणारी मालगाडी रुळांवरून घसरली. प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले आणि क्लोरीनची एक टाकी फुटली. तेथें पूर्वसूचना मुळींच नव्हती. तरी पोलिसांनीं कांहीं तासांतच जवळच्या वस्तीला घरें सोडावयास सांगितलें, आणि जसजसा धोका दिसूं लागला तसतशी ही मर्यादा वाढवीत नेली. बहुतेक लोक आपापल्या मोटारींतून गेले. रुग्णालयांतील आजाऱ्यांना रुग्णवाहिकांनीं हलविलें. चोवीस तासांत दोन लाखांहून अधिक माणसें बाहेर पडलीं, आणि एकहि दगावलें नाहीं.

प्रिप्याटच्या गाड्या मिसिसॉगाहून अधिक शिस्तीनें चालल्या, असें म्हणतां येईल. फरक पडला तो चाकें फिरण्याच्या आधींच. बाराशें गाड्या एका रात्रींत जमवितां येतात, हें प्रिप्याटनें सिद्ध केलें. परंतु धोका कळला त्याच घटकेला तो लोकांना सांगणें, हा वाहतुकीच्या व्यवस्थेचा पहिला भाग आहे. तो चुकला, तर पुढची सारी शिस्त उशिरां पोहोंचते.