पुनर्रचना झाली की केली?

कडबा रचतात, विटा रचतात, गाणी रचतात. सरण रचतात आणि कोणाविरुद्ध कटही रचतात. 'रचणे' म्हटले की रचणारा कोणीतरी असावाच लागतो. त्याला 'पुनर्' लागले की 'पुनर्रचना' होते (हा 'र्र' लिहिताना भल्याभल्यांची लेखणी अडखळते, ते असो). पण अर्थ नुसता दुपटीचा होत नाही. गंजी पुन्हा रचायची तर आधी ती उतरवावी लागते.

हा शब्द घरोघरी पोचला तो राज्यांमुळे. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग डिसेंबर १९५३ मध्ये नेमला गेला. १९५५ मध्ये अहवाल आला, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी देशात १४ राज्ये व ६ केंद्रशासित प्रदेश झाले. हिंदीने यासाठी 'पुनर्गठन' शब्द घेतला. आपण 'रचणे'च धरून राहिलो.

आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. संसदेने तो द्विभाषिक मुंबई राज्यात घातला. कायद्यात तर तालुकेसुद्धा पेंढ्यांसारखे उचलून ठेवलेले दिसतात. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर मुंबई राज्यात आले. आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका इकडे राहून कोल्हापूरला जोडला गेला. माणसे जागची हलली नाहीत. घर तेच, विहीर तीच. कचेरी मात्र बदलली, आणि कित्येकांच्या बाबतीत अर्जाची भाषाही.

तरी आपण बोलताना 'पुनर्रचना झाली' असेच म्हणतो, पाऊस झाला म्हणावे तसे. 'केली' म्हटले की 'कोणी?' आणि 'कोणाला विचारून?' हे प्रश्न आलेच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तेच प्रश्न लावून धरले, शंभरावर माणसे त्यात गेली, आणि १९६० मध्ये मुंबई राज्याचीच गंजी पुन्हा उतरवावी लागली. त्या वर्षीच्या कायद्याच्या नावातही 'पुनर्रचना' आहे.

बेळगावचा प्रश्न मात्र राहिला. महाराष्ट्राने २००४ मध्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो. त्याच दिवशी सीमाभागातले मराठी कार्यकर्ते काळा दिवस पाळतात. त्यांच्या भाषणांत १९५६ साठी 'रचणे' नसते. तिथले क्रियापद आहे 'डांबणे'.