पांढऱ्या शेपटीचे हरीण

मृगकुलातील एक प्राणी. शास्त्रीय नाव ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस. कॅनडाच्या दक्षिण भागापासून पेरू-बोलिव्हियापर्यंत तो आढळतो. 1934 साली मिनेसोटातून नेलेल्या काही पाडसांपासून फिनलंडमध्येही त्याची मोठी वस्ती झाली आहे.

शेपटी खाली असली की तिची तपकिरी बाजूच दिसते. धोका जाणवताच ती ताठ उभी राहते, आतली शुभ्र बाजू झळकते आणि पळत्या हरणामागे पांढरे निशाण हलत राहते. हा सोबत्यांना इशारा, की शिकारी प्राण्याला ‘तू दिसलास’ असे सांगणे? अभ्यासक दोन्ही अर्थ लावतात. अंग उन्हाळ्यात तांबूस असते. हिवाळ्यात ते करडे होते आणि पोकळ केसांमुळे ऊब टिकते.

शिंगे फक्त नराला असतात. काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात. ह्याची मात्र सांबर-चितळासारखी भरीव हाडाची असून दर वर्षी गळतात. वसंतात ती फुटतात आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मखमली कातडीखाली झपाट्याने वाढतात. उन्हाळा सरता सरता कातडी सुकते, तेव्हा नर झाडांच्या खोडांवर शिंगे घासून ती सोलून काढतो. हिवाळ्यात शिंगे गळून पडली की उंदीर, साळिंदर ती कॅल्शियमसाठी कुरतडतात. म्हणून जंगलात अखंड शिंग क्वचितच हाती लागते.

उत्तरेकडे नोव्हेंबरच्या सुमारास माजाचा काळ असतो. सुमारे 200 दिवसांनी बहुधा जुळी पाडसे होतात. चितळाचे ठिपके आयुष्यभर राहतात, ह्याच्या पाडसाचे पहिल्या शरदातच जातात. सुरुवातीचे काही आठवडे पाडस गवतात निश्चल पडून असते आणि आई मुद्दामच दूर चरते. टाकून दिलेले समजून माणसे त्याला उचलून नेतात, ही मोठी चूक आहे.

बेसुमार शिकारीमुळे 1900 च्या सुमारास अमेरिकेत जेमतेम पाच लाखांच्या आत हरणे उरली होती. कायद्याने संरक्षण मिळाल्यावर संख्या सुमारे तीन कोटींवर गेली. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून आधीच नाहीसे झाल्यामुळे हरणांना आवर घालणारे कोणी उरले नाही. परिणामी अनेक वनांत ट्रिलियमसारखी रानफुले आणि झाडांची रोपे वाढण्याआधीच खुडली जातात.

फ्लॉरिडाच्या कीज बेटांवरची बुटकी उपजाती मात्र 1950 च्या दशकात पंचवीसच्या आसपास उरली होती. 1957 साली तिच्यासाठी अभयारण्य झाले. तिथे आजही वाहनांची धडक हे मृत्यूचे मोठे कारण आहे. म्हणून बिग पाइन की बेटावर रात्रीची वेगमर्यादा दिवसापेक्षा कमी ठेवली जाते.