दाताची साक्ष : गोदाकाठचे नामशेष शाकाहारी काय खात होते?

अंतरवाली सराटीहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात गोदावरी लागते. शहागडच्या पुलावरून आपण कितीदा तरी ती ओलांडतो. पाणी किती आहे, वाळू किती उरली आहे, एवढं पाहतो आणि पुढे जातो. पण गोदावरी आणि तिची उपनदी मांजरा यांच्या जुन्या गाळात प्रचंड जनावरांची हाडं गाडली गेलेली आहेत. हत्ती, पाणघोडे, रानबैल. या दख्खनमध्ये पाणघोडे होते, ही गोष्ट शाळेत आपल्याला कुणी सांगितली नाही. ही जनावरं काय खात होती, आणि ते आपण आज कशावरून सांगतो, हा आजचा विषय.

माझा मूळ विषय तत्त्वज्ञान. म्हणून सुरुवात न्यायशास्त्रातल्या एका जुन्या उदाहरणापासून करतो. नदीला पूर आलेला पाहिला की वरच्या बाजूला पाऊस झाला असं आपण म्हणतो. कार्यावरून कारण ओळखायचं. याला शेषवत् अनुमान म्हणतात. न्यायसूत्रांतच त्यावर आक्षेपही नोंदवला आहे. नदी अडवली गेल्यामुळेही पाणी चढू शकतं, मग अनुमान चुकेल. आपल्याला हे वेगळं समजवायला नको. जायकवाडीचे दरवाजे उघडले तर इथे कडक ऊन असतानाही नदी भरून वाहते. न्यायशास्त्रज्ञांचं यावर उत्तर असं, की नुसतं पाणी चढलं एवढ्यावर थांबू नका. पाणी गढूळ आहे का, फेस आहे का, पानं, फळं, काटक्या वाहत येताहेत का, ते पाहा. खुणा अनेक हव्यात आणि नेमक्या हव्यात. आजचं सगळं व्याख्यान या एका उत्तराचा विस्तार आहे असं समजा.

आता हाडांचा इतिहास. 1846 च्या सुमारास ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांनी नर्मदेच्या गाळातल्या एका प्रचंड हत्तीला नाव दिलं, ‘नामाडिकस’. ग्रीक लेखक नर्मदेला ‘नामाडस’ म्हणत, त्यावरून. आज त्याला पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस म्हणतात. 1865 च्या सुमारास भूवैज्ञानिक वाईन यांना पैठणजवळच्या मुंगी गावी, हाडं असलेल्या गोदावरीच्या खडीत, अकीक दगडाची एक छिलका मिळाली. माणसाने घडवलेली. रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला पहिलं दगडी हत्यार मिळालं ते 1863 मध्ये. म्हणजे भारतातल्या अश्मयुगाच्या शोधात आपली गोदावरी अगदी पहिल्या दोन-तीन वर्षांतच आली. पुढे 1905 मध्ये गाय पिलग्रिम यांनी गोदावरीच्या गाळातल्या त्याच नामाडिकस हत्तीवर सविस्तर लिहिलं. नंतर डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी, जी. एल. बदाम आदींनी, लातूरकडच्या मांजरेच्या खोऱ्यातले जीवाश्म गोळा करून अभ्यासले.

या हाडांत सर्वांत बोलकं काय, तर दात. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. हाड मातीतलं पाणी शोषतं, बदलतं. इनॅमल फारसं बदलत नाही. दाताची साक्ष तीन प्रकारची असते.

पहिली साक्ष आकाराची. गवतात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, शिवाय जमिनीलगतच्या चाऱ्याबरोबर मातीही तोंडात जाते. त्याने दात झिजतात. म्हणून गवत खाणाऱ्यांचे दात बहुधा उंच असतात, म्हणजे झिजायला भरपूर शिल्लक. घोड्याचा दात पाहा. हत्तीची सोय वेगळी. त्याच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात एकामागून एक सहा दाढा येतात. मागून नवी सरकते, पुढची झिजून गळते. सहावी झिजली की पोट भरणं कठीण.

पण ही साक्ष म्हणजे नुसतं चढलेलं पाणी. उंच दात एवढंच सांगतो की हे जनावर गवत खाऊ शकतं. खात होतं की नाही, ते सांगत नाही. योग्यता वेगळी, कृती वेगळी.

दुसरी साक्ष झिजेची. सूक्ष्मदर्शकाखाली दाताच्या पृष्ठभागावर ओरखडे आणि खड्डे दिसतात. गवत खाणाऱ्याच्या दातावर ओरखडे जास्त. पाला, साल, फळं खाणाऱ्याच्या दातावर खड्डे तुलनेने जास्त. मात्र ही झीज मरणापूर्वीच्या थोड्या दिवसांतलीच असते.

तिसरी साक्ष कार्बनची, आणि ती शेतकऱ्याला चटकन कळेल. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही पिकं हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात. कापूस, तूर, गहू आणि जवळजवळ सगळी झाडं दुसऱ्या पद्धतीने. पहिल्या गटाला सी-4 म्हणतात, दुसऱ्याला सी-3. कुसळी, पवन्या, मारवेल ही आपली माळरानावरची गवतं सी-4. कार्बनचे हलका आणि जड असे दोन स्थिर प्रकार असतात. जड कार्बन शंभरात जेमतेम एक. सी-4 वनस्पतींत या जड कार्बनचं प्रमाण सी-3 पेक्षा किंचित जास्त असतं. जनावर जे खातं त्याचा हा हिशोब त्याच्या इनॅमलमध्ये उतरतो आणि लाखो वर्षं टिकतो. म्हणजे माळावरचं गवत खाल्लं की झाडाचा पाला, हे दाताची चिमूटभर भुकटी सांगते. हे कोड्याचं उत्तर पूर्ण नाही, कारण गहू आणि भात हीसुद्धा गवतंच, पण सी-3. म्हणून तिन्ही साक्षी एकत्र वाचायच्या.

त्या एकत्र वाचल्या तेव्हा काय निघालं ते ऐका. आजचा आफ्रिकी हत्ती मुख्यतः पाला आणि साल खातो. पण थ्युअर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवलं, की आफ्रिका आणि आशियातले प्राचीन हत्ती लाखो वर्षं मुख्यतः सी-4 गवतावर जगत होते. दात गवताचे राहिले, जेवण बदललं. ॲड्रियन लिस्टर यांनी 2013 मध्ये याची दुसरी बाजू मांडली. पूर्व आफ्रिकेतल्या हत्तीकुळाने गवत खायला सुरुवात आधी केली. दात लक्षणीय उंच झाले ते त्यानंतर लाखो वर्षांनी. म्हणजे आधी सवय, मग शरीर. नुसता दात पाहून अनुमान केलं असतं तर दोन्ही वेळा आपण फसलो असतो. आपल्याकडे रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दक्षिण भारतातल्या हत्तींच्या हाडांतला कार्बन तपासला, तर एकाच टोळीप्रदेशातल्या हत्तींचा आहारही सारखा नव्हता.

मग ही जनावरं गेली कुठे? अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांच्या 2021 च्या अभ्यासानुसार भारतीय उपखंडातून सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीपासून चार मोठे शाकाहारी संपले : नामाडिकस हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि एक रानघोडा. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाच्या मानाने हा तोटा लहान. इथली जनावरं आणि माणूस फार पूर्वीपासून एकमेकांना ओळखत होते, म्हणून बरीच तगली, असं एक स्पष्टीकरण आहे. आहाराचा विचार केला तर गवत संपलं म्हणून ती मेली असं सरळ म्हणता येत नाही. माळावरचं गवत तर आजही आहे. पाणघोड्याला मात्र नुसता चारा पुरत नाही, दिवसभर अंग बुडेल एवढं पाणी लागतं. बारमाही डोह आटले तर भोवती कुरण असूनही त्याचं जगणं संपतं. मराठवाड्याला हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही. आणि रानबैल पूर्ण गेला नाही. त्या भारतीय रानबैलाचाच वंश वशिंडाच्या गाईबैलांत आहे. देवणी, लाल कंधारी तुमच्या गोठ्यात उभी आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो कळीचा आहे. दात काय खाल्लं ते सांगतो. केव्हा खाल्लं, ते थर सांगतो. कोणत्या मातीत, किती खोल, शेजारी दगडी हत्यार होतं का, यावरच माणूस आणि हत्ती एका काळात होते की नाही ते ठरतं. मुंगीच्या त्या छिलक्याचं महत्त्व ती हाडांच्या खडीत होती म्हणून. नदीतून वाळू उपसताना, काठची जुनी खडी यंत्राने ओरबाडताना हे थर मोडतात. मग दात हाती लागला तरी तो साक्षीदार उरत नाही, नुसता दगड उरतो. म्हणून दरड कोसळलेल्या ठिकाणी जड, दगडासारखं हाड दिसलं तर उपटू नका. जागेवरच फोटो काढा, थर आणि खोली लिहून ठेवा, तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. पूर ओसरल्यावर पानं-काटक्या कुठवर आल्या हे पाहूनच पाऊस कळतो. त्या कुणी झाडून नेल्या तर मोठ्यातला मोठा नैयायिकही काही सांगू शकणार नाही.

आता प्रश्न विचारा.