पाच-सहा मतदारांचे गाव, मध्यरात्रीचा निकाल

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस उजाडण्यापूर्वीच एका गावाचा निकाल जाहीर झालेला असतो. न्यू हॅम्पशायर राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळच्या डोंगराळ भागात डिक्सव्हिल नॉच ही वस्ती आहे. ‘नॉच’ म्हणजे खिंड. नोव्हेंबरमधील सोमवारची रात्र सरून मंगळवार सुरू होताच येथील मतदार एका खोलीत जमतात, मतपत्रिका मतपेटीत टाकतात आणि काही मिनिटांत मोजणी आटोपते. भारतात तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. साहजिकच अमेरिकेच्या निवडणुकीची पहिली बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुधा याच खिंडीतून.

ही सोय कायद्याने दिलेली आहे. शंभरापेक्षा कमी लोकवस्तीच्या गावांना मध्यरात्री मतदान केंद्र उघडण्याची आणि यादीतील सर्वांचे मतदान झाले की ते बंद करण्याची मुभा न्यू हॅम्पशायरमध्ये आहे. प्रथेचा मान मात्र डिक्सव्हिलचा नव्हे. त्याच राज्यातील हार्ट्स लोकेशन येथे 1948 मध्ये मध्यरात्री मतदान झाले, कारण तेथील रेल्वे कामगारांना नेहमीच्या वेळेपूर्वीच कामावर हजर व्हावे लागे. पत्रकारांची गर्दी आणि जागरण यांना कंटाळून त्या गावाने 1964 नंतर ही प्रथा सोडली आणि 1996 मध्ये पुन्हा सुरू केली. दरम्यान डिक्सव्हिलने 1960 मध्ये हा मान पटकावला होता. त्यामागे होते रबराच्या वस्तूंचे कारखानदार आणि ‘बालसम्स’ या भव्य हॉटेलचे मालक नील टिलॉटसन. मतदान त्यांच्याच हॉटेलात होई आणि पहिले मतही तेच टाकत. 2001 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी त्यांचे निधन होईपर्यंत हा शिरस्ता मोडला नाही. हॉटेलची प्रसिद्धी आणि नागरिकांचे कर्तव्य या दोन्ही गोष्टी त्यात होत्या, हे मान्य करायला हरकत नाही.

गावाचा मूळ कल रिपब्लिकन. 1960 च्या पहिल्याच मतदानात निक्सन यांना 9 मते मिळाली आणि केनेडी यांना एकही नाही. देशाने मात्र केनेडींना निवडले. 1968 मध्ये गावाने डेमोक्रॅट हम्फ्री यांना कौल दिला, तेव्हा विजयी झाले निक्सन! पुढे चाळीस वर्षे येथे डेमोक्रॅट उमेदवार जिंकला नाही. 2004 मध्ये बुश यांना 19, तर केरी यांना 7 मते होती. 2008 मध्ये ओबामांनी मॅककेन यांच्यावर 15 विरुद्ध 6 अशी मात केली, तेव्हा ती जगभर बातमी झाली. 2012 मध्ये ओबामा आणि रॉम्नी यांना प्रत्येकी 5 मते पडली. 2016 मध्ये क्लिंटन यांना 4 आणि ट्रम्प यांना 2 मते मिळाली. एक मत लिबर्टेरियन पक्षाच्या जॉन्सन यांना गेले. आणखी एका मतदाराने तर उमेदवारच नसलेल्या रॉम्नी यांचे नाव हाताने लिहिले. देशाचा अंदाज या आकड्यांवरून बांधण्यात अर्थ नाही. शेजारच्या मिल्सफील्डमध्ये त्याच वर्षी ट्रम्प यांना 16 आणि क्लिंटन यांना 4 मते होती.

मतदानाच्या टक्केवारीचा प्रश्न अधिक रोचक आहे. पात्र मतदारांपैकी 2016 मध्ये देशभरात सुमारे 60 टक्के, 2020 मध्ये सुमारे 66 टक्के आणि 2024 मध्ये सुमारे 64 टक्के लोकांनी मतदान केले. डिक्सव्हिलमध्ये ते 100 टक्के असते. याचे कौतुक होते, पण हा आकडा उत्साहाइतकाच नियमाचाही आहे. सर्वांनी मत दिल्याशिवाय केंद्र लवकर बंदच करता येत नाही. शिवाय जेथे गैरहजर राहणारा लगेच ओळखू येतो, तेथे घरी झोपून राहणे अवघड. या शंभर टक्क्यांची किंमत मोजावी लागते ती गुप्ततेत. निकाल एकमताने लागला, तर कोणी कोणाला मत दिले हे साऱ्या जगाला कळते. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये पाचही मते बायडेन यांना पडली. जानेवारी 2024 च्या प्राथमिक फेरीत सहाही मते निक्की हेली यांना मिळाली.

खरी चिंता मतदार टिकण्याची आहे. 2000 च्या जनगणनेत येथे 75 रहिवासी होते, 2010 मध्ये 12 आणि 2020 मध्ये अवघे 4. येथील मतदारांत हॉटेलच्या कर्मचाऱ्यांचा भरणा असे आणि 2011 मध्ये हॉटेलच बंद पडले. 2016 च्या मतदानातील काही जण येथे राहतच नसल्याचा आक्षेप आला आणि राज्याच्या कायदा विभागाने चौकशी केली. मग 2019 मध्ये वेगळीच अडचण उभी राहिली. निवडणूक घेण्यासाठी जेवढे पदाधिकारी नेमावे लागतात, तेवढे रहिवासीच गावात उरले नव्हते. एक माणूस कमी पडत होता.

ती उणीव भरून काढली हॉटेलच्या पुनर्विकासाचा प्रकल्प हाती घेतलेले उद्योजक लेस ऑटन यांनी. ते स्वतः येथे राहायला आले. 2020 च्या फेब्रुवारीत प्राथमिक फेरी वेळेवर झाली. तीत ब्लूमबर्ग यांनी दोन डेमोक्रॅटिक आणि एक रिपब्लिकन अशी तीन मते मिळवली, तीही मतपत्रिकेवर नाव छापलेले नसताना! नोव्हेंबरात पहिले मत ऑटन यांनी टाकले. जन्मभर रिपब्लिकन असूनही आपण बायडेन यांना मत देत आहोत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

2024 मध्ये यादीत सहा नावे होती: चार नोंदणीकृत रिपब्लिकन आणि दोन कोणत्याही पक्षाशी न बांधलेले. मोजणी संपली तेव्हा हॅरिस यांच्या बाजूला 3 आणि ट्रम्प यांच्या बाजूला 3 मते होती. म्हणजे चारपैकी किमान एका रिपब्लिकन मतदाराने आपल्या पक्षाच्या उमेदवाराला मत दिले नव्हते. तो कोण, हे मात्र या वेळी गुपितच राहिले.