द्वेषाचा कायदा आणि त्याची किल्ली

आषाढात माळशिरस तालुक्याच्या वाटा टाळ-मृदंगाने भरून जातात. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे सरकते, तर तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. ज्या तुकोबांचे अभंग आज या वाटेवर मुक्तकंठाने गायिले जातात, त्यांना एके काळी ते लिहिण्याचा अधिकारच नाकारण्यात आला आणि त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकटावा, हाच तत्कालीन धर्माधिकाऱ्यांना अपमान वाटला. भावना दुखावल्याची तक्रार महाराष्ट्राला नवी नाही. आणि ती करणारा नेहमी दुबळाच असतो असेही नाही.

हे आठवण्याचे कारण असे की, द्वेष पसरविणाऱ्या भाषणांविरुद्ध अधिक कडक कायदा हवा, असा सूर आपल्या समाजात अधूनमधून निघतो. त्यामागील भय खोटे नव्हे. ज्या गावात ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी, तेथे एक विषारी पत्रकही झोप उडवावयास पुरेसे असते. उलट, वाणीला वाणीनेच उत्तर द्यावे, शासनाने मध्ये पडू नये, असे मानणारेही विचारी लोक आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली जवळजवळ हाच पक्ष घेतला; तत्काळ हिंसेची चिथावणी असेल तरच शिक्षा, असे ठरविले. हिटलरशाही भोगलेल्या जर्मनीने मात्र समूहद्वेषाचा प्रचार हा गुन्हाच मानला. आपण कोणाच्या पंक्तीला बसावे, हे ठरविण्यापूर्वी आपल्याच मातीतला अनुभव तपासलेला बरा.

दोन समाजांत शत्रुत्व वा द्वेष निर्माण करणे हा गुन्हा ठरविणारे कलम १५३-अ इंग्रज सरकारने १८९८ साली दंडसंहितेत घातले. हेतू शांतिरक्षणाचा सांगितला गेला. दहाच वर्षांत ते कोणावर चालले? लोकमान्य टिळकांवर! मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून १९०८ साली मुंबईत खटला झाला. राजद्रोहाच्या दोन आरोपांबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली हे सर्वांना ठाऊक असते. एक हजार रुपयांचा दंड झाला तो मात्र या द्वेषाच्या कलमाखाली, हे सहसा कोणी सांगत नाही. इंग्रज आणि हिंदी लोक हे जणू दोन सारख्या बळाचे समाज, आणि त्यांच्यात कलह लावणारे टिळक! राज्यकर्त्याने स्वतःलाच पीडित समाज ठरविले, की असला कायदा किती सोयीचा होतो, याचा याहून बोलका दाखला कोणता?

स्वराज्यात कलम तेच राहिले. त्याखाली खटला चालवायचा तर शासनाची पूर्वमंजुरी हवी, ही अटही राहिली. या अटीचा अर्थ १९९३ नंतर उघडा पडला. मुंबईच्या दंगलींच्या काळात 'सामना'त आलेल्या अग्रलेखांवरून खटला भरण्यास शासनाने मंजुरी द्यावी, म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. लेखांचा रोख सर्व मुसलमानांवर नसून देशद्रोह्यांवर आहे, असे म्हणून न्यायालयाने ती १९९४ साली फेटाळली. पुढे सरकार बदलले, श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला, आणि जुलै २००० मध्ये शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांना अटक झाली. न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण मुदतबाह्य ठरविले. तीन वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांच्या आत घ्यावयाची असते. येथे सात वर्षे लोटली होती. कलमाच्या शब्दांत काहीच उणे नव्हते.

आता याच नेत्याची दुसरी भाषणे पाहा. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितली गेली. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे थेट न्यायालयात गेले, कारण निवडणूक याचिकेला कोणा मंत्र्याची परवानगी लागत नाही. विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि १९९९ साली ठाकरे यांचा मताधिकारही सहा वर्षांच्या मुदतीसाठी काढून घेण्यात आला. माझ्या मते या दोन प्रकरणांतील अंतर कायद्याच्या कडकपणाचे नाही. एकाची किल्ली शासनाकडे होती, दुसऱ्याची नागरिकाकडे.

शासनाला मात्र मनात आले की किल्ली झटकन फिरते. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. त्यानंतर जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावर बंदी आली आणि लेखकावर याच १५३-अ कलमाखाली गुन्हा नोंदविला गेला. पुस्तकातील मजकुराबद्दल लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण विद्वानाला आरोपी करून जमावाला शांत करणे हा न्याय नव्हे. तो गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केला. बंदी उच्च न्यायालयाने त्याच वर्षी उठविली आणि २०१० साली तो निर्णय कायम झाला.

म्हणून कायदा नकोच, असे मी म्हणणार नाही. हिंसेला चिथावणी देणाऱ्याला रोखलेच पाहिजे. घर जळाल्यावर उत्तराचे भाषण करावयास कोण उरतो? परंतु केवळ मन दुखावले म्हणून तुरुंग, असा व्यापक कायदा आपण मागितला, तर उद्या आपल्याच प्रवचनकारावर, किंवा रूढीवर कोरडे ओढणाऱ्या दलित कवीवर तो उगारला जाईल. मागावयाचे असेल तर दुसरे काही मागावे: गुन्ह्याची व्याख्या अरुंद, दखल वेळेवर, आणि मंजुरीचे कुलूप सत्ताधाऱ्यांच्या कडोसरीला नको.

१ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली. १५३-अ चे तेथे कलम १९६ झाले. कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता असे गुन्हे नोंदवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिलेला आहे. त्यामुळे माळशिरसचे पोलीसही स्वतःहून गुन्हा नोंदवू शकतात. परंतु माळशिरसच्या न्यायालयाने त्याची दखल घ्यावी, यासाठी लागणारी शासनाची मंजुरी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्ये जशीच्या तशी शिल्लक आहे, आणि ती फाईल अजूनही मुंबईलाच जाते.