जुना सॅक्सोफोन आणि त्याचे वारसदार

शहापूर-मुरबाडकडील लग्नाच्या वरातींत बँडवाल्यांच्या हाती वाकड्या मानेचा सॅक्सोफोन अनेकांनी पाहिला असेल. या वाद्याचा जनक अ‍ॅडॉल्फ सॅक्स १८१४ साली बेल्जियममधील दिनाँ येथे जन्मला. २८ जून १८४६ रोजी पॅरिसमध्ये त्याला या वाद्याचे पेटंट मिळाले. वाद्याचे अंग पितळेचे. पण स्वर वेताच्या पातळ रीडमधून उमटतो, म्हणून त्याची गणना क्लॅरिनेटच्या कुळात होते. फ्रेंच लष्करी बँडांनी सॅक्सची वाद्ये स्वीकारली, तरी त्याची दिवाळखोरी टळली नाही. १८९४ साली तो निवर्तला.

ख्रिस्तसभेने बँडला प्रथम अंतरावरच ठेवले. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, परमगुरुस्वामी दहावे पायस यांनी चर्चमध्ये बँड वाजविण्यास मनाई केली. बाहेरील मिरवणुकींत मात्र बिशपांच्या अनुमतीने तो वाजविता येई. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेस साजेशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली.

गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. ही विद्या घेऊन कित्येक तरुण मुंबईस आले. धोबी तलावाकडील गावोगावचे ‘कूड’ हे त्यांचे आश्रयस्थान होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन ताफा ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवू लागला. पुढे गोवेकर वादकांनी हे संगीत आपलेसे केले. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) ताफ्यासह पडद्यावरही दिसले. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ यांची सांगड घातली. परंतु चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वाद्यवृंदातील बहुतेकांची नावे कधी आलीच नाहीत. पुढे सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद ओसरले आणि कित्येक वाद्ये पेटीत बंद झाली.

अशा वाद्याला पुन्हा बोलते करणे हे चिकाटीचे काम आहे. कारागीर प्रथम वीसहून अधिक चाव्या, दांड्या व स्प्रिंगा उतरवितो. प्रत्येक छिद्रावर चामडे मढविलेले नमद्याचे पॅड असते. पावसाळी दमटपणाने ते फुगते, कडक होते, कधी कीड लागून फाटते. मग हवा निसटते आणि खालचे स्वर उमटतच नाहीत. पोचे आतून हलकेच काढले जातात, सुटलेले भाग डाग देऊन जोडले जातात, झिजलेले कॉर्क बदलले जातात. शेवटी नळीत दिवा सोडून अंधारात पाहतात. पॅडच्या कडेने प्रकाशाची रेघ दिसली की तेथे गळती आहे असे समजावे. चकाकीच्या हव्यासाने पितळ घासू नये. त्याने धातू झिजतो आणि कोरीव नक्षीही पुसट होते.

वाद्यावर कोरलेल्या क्रमांकावरून ते कोणत्या सुमारास घडले हे बहुधा कळते. ते कोणी वाजविले हे मात्र घरातील वडीलधारेच सांगू शकतात. म्हणून माळ्यावरील असे वाद्य मोडीत घालण्यापूर्वी वादकाचे नाव, गाव आणि त्याने कोठे वाजविले हे लिहून पेटीत ठेवावे. पॅड नवे बसविता येते. विसरलेले नाव पुन्हा मिळविणे फार कठीण.