तळटीप : तिरपे पडदे

१. येथे उल्लेखिलेल्या विद्युत-मॅंडोलिनचे पडदे परस्परांस समांतर नसून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेले असतात. खर्जाच्या तारेस अधिक लांबी मिळून तिचा ताण व नाद भरीव राहावा, आणि टिपेची तार आखूड असल्याने सहज चढावी, अशी ही तजवीज आहे. सोळाव्या शतकातील इंग्लंडमधील ऑर्फेरिअन वाद्यावर ती आढळते. राल्फ नोव्हाक यांस १९८९ मध्ये अमेरिकेत तिच्या नव्या रूपाचे पेटंट मिळाले. घोडेगावकडील भजनांत वाजणाऱ्या एकतारीस पडदेच नसतात, तर मिरजेच्या सतारीचे वक्र पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे रागानुरूप सरकविता येतात. तिरपे पडदे मात्र पक्के बसविलेले असल्याने कारागिरास प्रत्येक तारेचे माप आरंभीच अचूक मुक्रर करावे लागते. — संपादक